लपायचं नाही

मानवतच्या जिनिंगमागं आमची शाळा.
डिसेंबरात खिडक्यांच्या जाळीला कापूस चिकटतो,
फळा पुसला तरी थोडा पांढराच राहतो.
त्या दिवशी नगरपालिकेचा बंब आला
आणि तिसरीचा वर्ग माझा राहिलाच नाही.

चाँदपाशा उतरले, गुडघा धरून, हळू.
नोकरीची दोन वर्षं उरलेली, दाढीला मेंदी.
"आग लागली तर काय करायचं?"
"पळायचं!"
"आन् धूर झाला तर?"
"खोकायचं," म्हणाला मुंजाजी,
आणि बंबाचा ड्रायव्हरसुद्धा हसला.

धूर वर चढतो, हवा खाली उरते.
रांगता येतं ना? का विसरलात?
माझी अडतीस लेकरं व्हरांड्यातून रांगत निघाली,
पोटाशी दप्तरं धरून.
"दप्तर टाका!" ते ओरडले. कुणी टाकेना.
दप्तर किती वर्षं पुरवावं लागतं
हे त्यांना कोण सांगणार?
आम्रपालीनं तेवढं टाकलं,
आणि टाकून मागं बघत राहिली.

दार उघडण्याआधी उपड्या हातानं चाचपायचं.
कपड्यांनी पेट घेतला तर धावायचं नाही,
थांबायचं, आडवं व्हायचं, लोळायचं.
"गाढवावाणी?"
"हाव, गाढवावाणी. धुरळ्यात लोळतंय तसं."
हे मात्र सगळ्यांना पहिल्या झटक्यात जमलं.

मग प्रश्न आले, पुस्तिकेत नव्हते तसले.
चाचा, शेळी बांधलेली असली तर?
आई बाहेरून कडी लावून सरकीच्या कामाला जाते, तर?
बहीण झोळीत असली तर?
ती मला उचलत नाही.

चाँदपाशांनी टोपी काढली, परत घातली.
शेळीचं सांगितलं: दावं सुटलं तर सोडा,
गाठ बसली असंल तर थांबू नका.
कडीचं माझ्याकडं बघून सांगितलं:
पालकसभा घ्या, बाई.
झोळीचं सांगताना आवाज उतरला.
"ओरडा. मोठ्या माणसाचं नाव घेऊन ओरडा."
हे उत्तर नव्हतं.
प्रयागानं तरी मान हलवली,
मोठ्यांना वाईट वाटू नये म्हणून हलवतात तशी.

शेवटी त्यांनी तोंडावर मुखवटा चढवला.
काच, नळी, आत घरघरणारा श्वास.
रेणुका माझ्या पदरात शिरली.
ते तसेच जमिनीवर बसले.
डबड्यातून यावा तसा आवाज आला:
"हे भूत नाही. हा मीच.
असा माणूस आला की लपायचं नाही.
पलंगाखाली नाही, कणगीत नाही, गोधडीत नाही.
म्हणा, मी इथं आहे."
"मी इथं आहे."
"ऐकू येईना."
"मी इथं आहे!"
सात वेळा म्हणवून घेतलं.
मधल्या सुट्टीची घंटा होऊन गेली होती,
खिचडी निवत होती,
मला वाटलं, किती ताणतो हा माणूस.

चहा देताना मी तसं म्हणालेसुद्धा.
बशीत चहा ओतत ते बोलले,
"पाथरी रोडला एक घर होतं.
नाव घेऊन हाका मारीत होतो आम्ही.
त्या खोलीत चारदा जाऊन आलो.
पाचव्यांदा कपाट उघडलं."
बशीतल्या चहावर साय धरली.
मी दुसरा कप केला नाही.

बाहेर लपंडाव सुरू झालेला.
मुंजाजीवर राज्य, लिंबाला डोकं टेकून
चाळिसावरून थेट सत्तरवर उडी.
सगळी पांगली, टाकीमागं, बंबामागं.
रेणुका मैदानाच्या मधोमध उभी:
"मी इथं आहे!"
"बाई, हिला सांगा ना," मुंजाजी रडकुंडीला आला,
"अशानं खेळच होत नाही."

रात्री पालकांना चिठ्ठी लिहायला बसले.
तारीख, वार, वेळ.
बाहेरून कडी लावू नये, असं लिहिलं.
मग आठवलं, रस्त्यावर कापसाचे ट्रक,
पलीकडं उघडी विहीर,
आणि घरात दुसरं कुणी नाही.
ओळ खोडली.
पुन्हा लिहिली.
खाली जागा सोडून ठेवली आहे.